हर्षू येईपर्यंत

२२ नोव्हेंबर २००१, गुरुवार

सुहासिनीताई गेल्या.

सकाळी शाळेला निघताना पाहिलं, दुधाची पिशवी त्यांच्या दाराच्या कडीला तशीच लटकत होती. बेल वाजवली, हाका मारल्या. त्यांची एक किल्ली आमच्याकडे असते. दार उघडलं तर त्या फोनशेजारच्या खुर्चीत बसलेल्या, मान किंचित कललेली, पलीकडचं नीट ऐकू येत नसल्यासारखी. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून केली. 'दुसऱ्यांचे फोन जोडून देण्यात जन्म गेला माझा,' असं हसत सांगायच्या. अलीकडे त्यांना स्वतःला एकच फोन यायचा. रविवारचा, हर्षवर्धनचा, अमेरिकेहून.

हर्षूला मीच कळवलं, त्याच फोनवरून. केव्हा, कसं, एवढंच त्याने विचारलं. मग म्हणाला, "मावशी, मला येता नाही येणार. माझी नोकरी गेली गेल्या महिन्यात. दुसरी मिळतेय, पण व्हिसाचे कागद व्हायचेत. आत्ता बाहेर पडलो तर हे लोक परत घेणार नाहीत मला." आणि एकदम लहान मुलासारखा रडायला लागला. "अस्थी ठेवा, मावशी. मी येईपर्यंत ठेवा. बाबांच्या वेळी माझी परीक्षा होती म्हणून मला कळवलंसुद्धा नव्हतं. आईचं तरी माझ्या हातून होऊ दे."

मी हो म्हटलं. त्या क्षणी दुसरं काय म्हणणार?

अग्नी कोणी द्यायचा यावर स्मशानात म्हणे सगळे एकमेकांकडे बघत राहिले. चौथ्या मजल्यावरचे प्रल्हादराव सांगत होते. शेवटी श्रीरंग पुढे झाले. "आणा इकडे," एवढंच म्हणाले. यांचं हे असंच. बोलणार काही नाहीत.

स्मशानातून आल्यावर कुणाला शिवायचं नाही, म्हणून मी न्हाणीघरात गरम पाणी आधीच काढून ठेवलं होतं. श्रीरंग डोक्यावरून आंघोळ करून बाहेर आले, टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसले. म्हणाले, "अगदी हलक्या झाल्या होत्या गं त्या."

२४ नोव्हेंबर

आज अस्थी गोळा केल्या. लहानसं मडकं, वर पांढरं फडकं बांधलेलं. घराच्या उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, जमिनीवर टेकवायचं नाही, झाडाला टांगायचं. श्रीरंग ते स्मशानातल्या पिंपळाला बांधून आले.

गुरुजी म्हणाले, दहाव्याच्या आत उरकून घ्या. ज्याने अग्नी दिला त्याच्या हातून विसर्जन झालं तरी चालतं. श्रीरंग लगेच तयार. म्हणाले, रविवारी नाशिकला जाऊन येतो, सुटल्या बिचाऱ्या. तेव्हा मला हर्षूला दिलेला शब्द सांगावा लागला.

"तू कुणाला विचारून हो म्हणालीस?"

"तो रडत होता हो."

"रडणारच. आई गेलीय त्याची. पण तो येणार कधी?"

मला काय ठाऊक? येईल. आई गेलेला मुलगा किती दिवस लांब राहील?

२ डिसेंबर

दहावा झाला. स्मशानातला माणूस म्हणाला, आता इथे ठेवता येणार नाही, पिंपळ भरलाय. कुणी न्यायला आलं नाही की तो उरलेली मडकी एकदमच खाडीत सोडतो. मी वर पाहिलं. किती फडकी बांधलेली! काही पावसापाण्याने काळी पडलेली. कुणाकुणाचे कोण असतील, आणि कशात अडकले असतील ते न्यायला येणारे?

आता आणायचं कुठे? आमच्या सोसायटीला झाड नाही. गेटापाशी ड्रममध्ये लावलेले अशोक आहेत आणि माझ्या कमरेएवढा एक माड. वीस वर्षांपूर्वी या तुळिंजला म्हणे भातशेती होती, बांधावर झाडं होती. आम्ही आलो तेव्हा नुसते पिलर उभे होते. इमारत बांधताना पाण्याची टाकी, पार्किंग, मीटरची खोली, सगळ्याचा विचार झाला होता. कुणी मेलं तर काय, याचा नव्हता. आम्ही सगळेच तरुण होतो तेव्हा.

शेवटी गच्चीवर नेलं. टाकीच्या लोखंडी शिडीला टांगलं. श्रीरंगांनीच दोन गाठी मारल्या. सोसायटीचे सेक्रेटरी तेच, म्हणून कुणाला विचारावं लागलं नाही.

मला वाटलं होतं, आमची लेक आर्या घाबरेल. तीच अभ्यासाला गच्चीवर जाते. म्हणते, "काकू काय करणार गं आपल्याला? फार तर राँग नंबर म्हणतील." मी तिला रागावले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन हसले. सुहासिनीताई असत्या तर त्याही हसल्या असत्या.

१८ डिसेंबर

आमच्या गेटवर कमळी बसते भाजी घेऊन. नायगावच्या बाजूला खाडीकाठी तिचं गाव, तिथली वांगी, वाल, केळफूल आणते. सुहासिनीताई तिचं पहिलं गिऱ्हाईक. म्हातारी घासाघीस करायची आणि मग जास्तीचेच पैसे द्यायची, असं म्हणून आज तिने डोळे पुसले. मी तिला गच्चीवरचं सांगितलं.

ती म्हणाली, "अशी शिडीला कोन टांगतं, ताई? आमचे वाडीन आना. चिच हाय मोठी. आमची सगली मानसं तिलाच टांगतात. सासू होती माझी तिते चार म्हयने, दीर आखातान होता म्हनून. कोनी काय बोलत नाय."

मी म्हटलं, बघते. खरं सांगायचं तर मनात आलं, सुहासिनीताईंना आवडेल का? त्यांचं सोवळं-ओवळं फार. परक्या गावात, अनोळखी लोकांत. शिवाय हर्षू महिन्याभरात येईलच.

खरं म्हणजे त्यांना आवडण्याचा प्रश्न नव्हता. मलाच त्या जवळ हव्या होत्या. संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गेले की मी दोन शब्द बोलून येते त्यांच्याशी. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

२० जानेवारी २००२, रविवार

नवी डायरी.

आज सोसायटीची मीटिंग होती. पाण्याचे टँकर, गच्चीची गळती आणि मग प्रल्हादरावांनी घसा खाकरला.

"वहिनी, राग मानू नका. पण आम्ही त्या टाकीचं पाणी पितो हो."

"मडकं टाकीत नाही, प्रल्हादराव. शिडीला आहे."

"तेच ते. शास्त्र काय सांगतं? दहा दिवस. पोरं गच्चीवर जायला भितात. संक्रांतीला एकाने पतंग उडवला नाही वर."

दुसऱ्या मजल्यावरची बेला म्हणाली, तिची जाऊबाई घर बघायला आली होती, गच्ची बघून परत गेली. कुणीतरी मागून म्हणालं, "ज्याचं त्याला नाही, आणि या गावभरच्या मावशी." हशा झाला. मी श्रीरंगांकडे पाहिलं. ते मीटिंगचं वृत्त लिहीत होते, मान खाली घालून.

यातलं एकही माणूस वाईट नाही. प्रल्हादरावांनीच खांदा दिला होता. बेलाने तेरा दिवस आम्हाला चहा पाठवला. सुहासिनीताईंचं प्रेत होतं तोवर सगळे आपले होते. मडकं झाल्यावर त्या कुणाच्याच राहिल्या नाहीत.

२५ जानेवारी

मीटिंगनंतर मडकं जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत खिळा मारून टांगलं होतं. आज वायरमन आला, दार उघडलं आणि उलट्या पावली बाहेर. "पहले वो हटाओ, फिर मीटर देखूंगा." संध्याकाळपर्यंत अर्ध्या इमारतीला वीज नव्हती. बोलणी मी खाल्ली.

२७ जानेवारी

एक युक्ती केली. बरी की वाईट, कळत नाही.

स्वयंपाकघर रंगवलं तेव्हाचा प्लास्टिकचा मोठा डबा होता, झाकणाचा. घासून पुसून स्वच्छ केला, आत माझी जुनी मऊ साडी चौघडी करून घातली, वर मडकं ठेवलं, झाकण लावलं. गच्चीच्या कोपऱ्यात कठड्याला लागून विटा रचल्या आणि त्यांवर डबा ठेवला. जमिनीला टेकलेला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला रंगाचा डबा. शेजारी असेच आणखी दोन-चार आहेत, लोकांच्या मोडक्या कुंड्या आहेत.

श्रीरंगांना दाखवलं. बघत राहिले. म्हणाले, "ठीक आहे. दिसलं नाही की कुणी बोलत नाही."

त्या गेल्यावरही आम्हाला जिवंतपणीसारखंच करावं लागतंय. म्हाताऱ्या माणसाने घरात असावं, पण दिसू नये.

१७ फेब्रुवारी, रविवार

हर्षूचा फोन. नेहमी पहिला प्रश्न तोच, "मावशी, आई कुठे आहे?" मी सांगते, गच्चीवर, ऊन नाही लागत, नीट आहे. तो म्हणाला, कागद एप्रिलपर्यंत होतील. नवी कंपनी बरी आहे. भाजी स्वतः करतो म्हणाला, आईच्या पद्धतीने आमटी जमत नाही. चिंच आधी घालायची की नंतर, हे त्याने मला विचारलं. अर्धा फोन आम्ही आमटीवरच बोललो.

१३ एप्रिल, पाडवा

फोन येऊन बरेच दिवस झाले. मागच्या वेळी म्हणाला, एप्रिलमध्ये नाही जमणार, मोठ्या साहेबाने सुट्टी नाकारली.

श्रीरंग आज गुढी उभारता उभारता म्हणाले, "ज्ञानदा, तो येणार नाही गं. तू आपली मनाची समजूत घालून ठेव."

मी भांडले. सणाच्या दिवशी. पण आत कुठेतरी मलाही तसंच वाटायला लागलंय. गच्चीवर जाते, पण आता रोज जात नाही. डब्यावर धूळ होती. पदराने पुसली. मला माझीच लाज वाटली.

१० मे

गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलंय. पावसाळ्यापूर्वी व्हायलाच हवं, चौथ्या मजल्यावर छत गळतं. जुन्या चिनी कपच्यांची लादी उखडून डेब्रिज न्यायचं. श्रीरंग म्हणाले, रविवारी गच्ची रिकामी करणार, तुझा डबा हलव.

मी कमळीला विचारलं, चिंच अजून आहे ना? म्हणाली, "हाय की. पोरगा वाडी इकाया बसलाय, पन अजून हाय." तिचा कल्पेश डंपर चालवतो. मी म्हटलं, सोमवारी शाळा नाही, सोमवारी घेऊन येते. रविवारी वसईला लग्न आहे माझ्या मामेबहिणीच्या मुलीचं, ते चुकवता येत नाही. श्रीरंगांना बजावून ठेवलंय, तो डबा तेवढा एका दिवसापुरता खाली जिन्यात आणून ठेवा.

१२ मे, रविवार

लग्न छान झालं. आर्या हिरव्या शालूत मोठी दिसत होती. ऊन फार.

श्रीरंग कामावर देखरेख करायला थांबले होते. मी आले तेव्हा घरात नव्हते. अंधार पडता पडता आले, पँट पोटऱ्यांपर्यंत काळ्या चिखलाने भरलेली. म्हटलं, हे काय? म्हणाले, गेटवर टँकर गळत होता. आल्या आल्या न्हाणीघरात शिरले, डोक्यावरून आंघोळ केली आणि न जेवता झोपले. "उन्हाचा त्रास होतोय," म्हणाले. या वयात दिवसभर गच्चीवर उभं राहायचं म्हणजे. त्यांना कैरीचं पन्हं करून ठेवलंय.

चिखल धुतला तरी निघत नाही. असला काळा चिखल गेटवर कुठून आला?

१३ मे, सोमवार

डबा नाही.

जिन्यात नाही, गच्चीवर नाही. गच्ची साफ, नुसती उखडलेली. कुंड्या नाहीत, डबे नाहीत, विटासुद्धा नाहीत.

श्रीरंग पेपर वाचत होते. म्हणाले, "माणसांनी सगळं डंपरमध्ये भरलं."

"आणि तुम्ही पाहिलं नाहीत?"

"सगळे डबे सारखेच होते."

"मी तुम्हाला दाखवला होता! विटांवर होता तो!"

ते पेपरमधून वर बघेनात. मी रडले, ओरडले, आर्या घाबरून बाहेर आली. ते एकच पान धरून बसले होते.

मी त्यांना काय बोलू? डबा मीच निवडला. फडकं बांधलेलं मडकं उघड्यावर असतं तर कुठल्याही मजुराने हात जोडले असते आणि बाजूला ठेवलं असतं. मी लोकांपासून लपवलं, म्हणून लोकांनी फेकलं.

१५ मे

कमळीबरोबर नायगावला गेले. डंपर कल्पेशचाच होता.

वाडी विकली गेलीय. कमळीला ती चिंच कधी तोडली हेही कुणी सांगितलं नव्हतं. ती भाजी घेऊन पहाटे निघते, अंधार पडल्यावर परतते, आणि वाडी घरापासून लांब. ती बुंध्याकडे बघत उभी राहिली. कल्पेश म्हणाला, "आये, तुला सांगनार होतो."

भातखाचरं आणि पलीकडची दलदल भरून काढतायत. नजर जाईल तिथपर्यंत विटांचे तुकडे, फुटके संडास, लाद्या. तिथे टॉवर होणार आहेत. मी कल्पेशला विचारलं, आमच्या गच्चीचं डेब्रिज कुठे टाकलं?

"काकी, दिवसभर गाड्या खाली होतात इथं." तो पायाने खडा उडवत राहिला. "साहेबांना विचारलं नाय काय तुम्ही?"

"साहेबांना काय ठाऊक?"

"नाय, म्हंजे... सेक्रेटरी ते." आणि डंपरकडे निघून गेला.

मी ओणवी होऊन शोधत फिरले. आमच्या गच्चीच्या निळ्या-पांढऱ्या कपच्या एका ठिकाणी दिसल्या, तिथे हाताने उकरलं. कमळीही उकरायला लागली. बोटं कापली. काही नाही. शेवटी तिने माझा हात धरून मला उठवलं.

"नका ताई. शेवटी माजेच वाडीन आली ना ती. मी बोलवलीच व्हती तिला."

तिने पदर डोक्यावर घेऊन त्या सगळ्या ढिगाऱ्याला नमस्कार केला. मीही केला. कुठल्या दिशेला करायचा, ते कळत नव्हतं.

२ जून, रविवार

हर्षूचा फोन आला. "मावशी, आई कुठे आहे?"

मी म्हटलं, "आहे."

तो म्हणाला, आवाज नीट येत नाहीये. मी म्हटलं, हो, लाइन खराब आहे. सुहासिनीताई खोटं बोलणाऱ्याचा आवाज लगेच ओळखायच्या. तारेवरून कळतं, म्हणायच्या.

२५ ऑगस्ट

श्रीरंगांनी सेक्रेटरीपद सोडलं. कारण सांगत नाहीत. प्रल्हादराव घरी येऊन समजावून गेले, "अहो, गच्ची एवढी सुंदर झाली, एक थेंब गळत नाही, आणि तुम्ही सोडताय?" हे नुसते मान हलवत होते. तब्येत बरी नसावी. झोप लागत नाही त्यांना. मला मात्र हल्ली फार जपतात. परवा मी न सांगता हे मोगऱ्याचा गजरा घेऊन आले. इतक्या वर्षांत कधी आणला नव्हता.

१६ नोव्हेंबर, शनिवार

हर्षू आला.

कळवलं नव्हतं. सकाळी बेल वाजली, दार उघडलं तर तो. केस विरळ झालेत. दोन मोठ्या बॅगा जिन्यात. नोकरी सोडून आलाय, कायमचा. म्हणाला, सुट्टी देत नव्हते, आणि वर्षश्राद्ध तरी चुकवायचं नव्हतं. मी त्याच्या घराची किल्ली पुढे केली. घेईना.

"आधी आई, मावशी. मग घर."

खिशातून उद्याच्या नाशिकच्या गाडीची तिकिटं काढून दाखवली. तीन. माझं आणि श्रीरंगांचंही.

तो येणार नाही, असं आम्ही सगळ्यांनी धरलं होतं. इमारतीने धरलं, यांनी धरलं, शेवटी मीही. एकट्या त्यानेच धरलं नव्हतं.

मी त्याला दारातच सांगितलं. सगळं. शिडी, मीटरची खोली, डबा, लग्न, डंपर. त्याने ओरडायला हवं होतं. तो बुटांसकट जिन्याच्या पायरीवर बसला. वर बघून विचारलं,

"रंगाच्या डब्यात?"

मी हो म्हटलं. साडी मऊ होती, हेही सांगितलं. कशासाठी सांगितलं, कुणास ठाऊक.

श्रीरंग आमच्या मागे उभे होते. त्यांना हर्षू फारसा आवडत नसावा, असं मला आधी वाटलं. ते चहा घ्यायला या म्हणालेसुद्धा नाहीत. भिंतीला हात लावून उभे राहिले.

हर्षू म्हणाला, "मला ती जागा दाखवा."

१७ नोव्हेंबर, रविवार

नायगावला जाऊन आलो. मी आणि हर्षू दोघेच जाणार होतो, पण निघताना श्रीरंग पायात चपला घालून दारात उभे. "मी येतो."

सहा महिन्यांत ओळखू येईनाशी झालीय जागा. भराव दाबून सपाट केलाय, पत्र्याचं कुंपण, लांबवर पाइलिंगचं यंत्र. आज रविवार म्हणून बंद होतं. कमळी आली होती. राखणदाराशी तीच बोलली, "आमचीच जमीन हाय रं ती," आणि त्याने आत सोडलं. होती म्हणायला हवं होतं. कुणी दुरुस्त केलं नाही.

हर्षूने विचारलं, "कुठे, मावशी?"

वर्षभर मी ज्या प्रश्नाला उत्तर देत आले, तोच प्रश्न. मी समोर हात केला. ठाऊक काहीच नव्हतं. कुठेतरी हात करायचा म्हणून केला. तो तिथे गेला, गुडघ्यावर बसला, खिशातून रुमाल काढला आणि माती घ्यायला लागला. माती कसली, विटेचा भुगा आणि सिमेंट.

"तिथली नको."

श्रीरंग बोलले. आम्ही वळून पाहिलं तर ते आमच्यापासून बरेच पुढे, खाडीच्या अंगाला गेलेले. चपला हातात. अनवाणी उभे होते, त्या असल्या टोकदार खड्यांवर.

"हर्षू, इकडे ये. इथली घे."

हर्षू गेला. ते खाली बघत म्हणाले, "तेव्हा इथपर्यंत पाणी होतं. चांगलं वाहतं पाणी होतं. भरतीचं."

हर्षू तिथे वाकला. रुमालात माती घेतली. कमळी माझ्याकडे बघत होती. कल्पेशने यांना सांगितलं असेल कधीतरी. सेक्रेटरी होते, डंपरवाल्याशी बोलणं व्हायचंच.

मग हर्षू खाडीपर्यंत चालत गेला. पाणी आता फार लांब गेलंय, चिखलातून जावं लागतं. श्रीरंग त्याच्याबरोबर गेले. मी काठावरून पाहत होते. दोघे पोटऱ्यांपर्यंत चिखलात, हर्षूने रुमाल सोडला, आणि श्रीरंगांनी मागून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. गुरुजी म्हणाले होते, ज्याने अग्नी दिला त्याच्या हातून झालं तरी चालतं.

नाशिकची तिकिटं हर्षूने घरी येऊन माझ्या हातात दिली. म्हणाला, राहू देत तुमच्याकडे. आत्ता तो सुहासिनीताईंच्या घरात आहे. दिवा लागलाय. फोन केव्हाच कापलाय, तरी मघाशी जाऊन पाहिलं तर तो त्या फोनशेजारच्या खुर्चीत बसला होता.

आल्याबरोबर श्रीरंग न्हाणीघरात शिरले. मी त्यांची पँट भिजवायला घेतली. पोटऱ्यांपर्यंत काळा चिखल. हा निघत नाही, मला ठाऊक आहे. मी एकदा धुतलाय.

बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. टॉवेल घेऊन दाराशी उभी राहिले.

"अहो, उन्हाचा त्रास होतोय का?" मी विचारलं.

आतला नळ बंद झाला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.